काय झालं ते सांगा

पोलिस चौकीत, मुलाखतीत किंवा डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : काय झालं ते सांगा. विचारणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याला मोकळीक दिली. पण बऱ्याच स्वमग्न प्रौढांना हाच प्रश्न सर्वांत जड जातो. सुरुवात कुठून करायची, कोणता तपशील कामाचा, समोरच्याला आधीच काय ठाऊक आहे, हे सगळं त्यांनी मनातल्या मनात ठरवावं, अशी त्यात अपेक्षा असते. उत्तर अडखळलं की आपण म्हणतो, याला आठवत नाही. किंवा त्याहून वाईट : हा काहीतरी लपवतोय.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ डर्मट बोलर यांनी स्वमग्न प्रौढांच्या स्मरणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. शब्दांची यादी दाखवून ‘आठवतील ते सांगा’ म्हटलं, की स्वमग्न प्रौढ अनेकदा मागे पडतात. तेच शब्द नव्या शब्दांत मिसळून ‘यातले कोणते पाहिले होते?’ असं विचारलं, की फरक बराच कमी होतो. म्हणजे नोंद झालेली असते. ती बाहेर काढायला प्रश्नातून काही आधार मिळाला नाही, तर अडतं.

मानसशास्त्रज्ञ केटी मॅरस आणि बोलर यांनी साक्षीदारांवर केलेले प्रयोग मला याच्या पुढचं पाऊल वाटतात. ‘डोळे मिटून तो प्रसंग पुन्हा मनात उभा करा’ हे तंत्र तपासात नावाजलेलं. स्वमग्न प्रौढांच्या सांगण्यात मात्र त्यामुळे चुका वाढल्या. पुढे २०१२च्या अभ्यासात त्यांना, जिथे घटना पाहिली त्याच खोलीत नेऊन विचारलं, तेव्हा ते इतरांच्या बरोबरीला आले.

स्वमग्नतेचे अभ्यासक पीटर फर्म्यूलेन यांनी स्वमग्नतेला ‘संदर्भांधता’ म्हटलं आहे. शब्द चटकन पटतो, पण स्मरणापुरता तरी मला तो मान्य नाही. संदर्भ नोंदलाच गेला नसता, तर त्या खोलीने काय आठवून दिलं असतं? तो केवळ मनातून, स्वतःच्या बळावर उभा करणं त्यांना अवघड जातं, एवढंच यातून दिसतं.

असा आधार दिला तर साक्ष कच्ची ठरेल, ही भीती फोल आहे. साक्षीदाराला स्वतःचं त्या वेळचं टिपण पाहून आठवण ताजी करण्याची मुभा १८७२च्या पुरावा कायद्यानेच दिली होती. घटनास्थळी नेऊन विचारणंही आपल्या पोलिसांना नवं नाही (पीडितेच्या बाबतीत मात्र ते क्रूर ठरू शकतं). २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, ‘वाजवी सोय’ही आहे, पण तिचा अर्थ आपण अजून व्हीलचेअरसाठी उतरता रस्ता आणि परीक्षेत जादा वेळ इतकाच लावतो. मॅरस यांनी सुचवलेल्या पद्धतीत साक्षीदार आधी घटनेचे टप्पे पाडतो, प्रत्येकाला नाव देतो, ती नावं समोर लिहून ठेवली जातात आणि मग एकेका टप्प्याबद्दल विचारलं जातं. खर्च कागदाचा. शिवाय जे स्वमग्न नव्हते, त्यांनाही असं विचारल्यावर जास्त आठवलं.