पाचनंतर कोण?

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या आयटी पार्कात रोज येणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मला ते मामामुळे माहीत आहे. त्याचं गाव त्याच तालुक्यात, पौडच्याही पुढे, धरणाकडे. स्किझोफ्रेनियामुळे त्याला दोनदा भरती करावं लागलं. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात आहे, भरती नको, डे केअर बघा. सकाळी जायचं, गोळ्या वेळेवर, गटात बोलणं, हाताला काम, संध्याकाळी घरी.

मला लगेच पटलं. भरतीतलं काय आठवतं विचारलं, की मामा एवढंच म्हणतो, "दार आतून उघडत नाही."

मामी म्हणाली, "दिवसाचं झालं रे. पाचनंतर कोण?"

कायदा माझ्या बाजूने होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं, की घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोयी नाहीत, केवळ एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयात बरे होऊनही घरी न गेलेल्यांसाठी हे कलम फार मोठं आहे. पण कारण रद्द केलं म्हणून सोय उभी राहत नाही. धायरीत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं दिवसाचं केंद्र आहे. पत्नीच्या आजारपणातून डॉ. जगन्नाथ वाणी या कामात उतरले. मुळशीहून तिथे रोज जायचं म्हणजे बस बदलत जायचं, आणि सोबत मामी, म्हणजे तिचाही दिवस गेला. मला मात्र कंपनीची कॅब रोज कोथरूडहून मुळशी तालुक्यात आणून सोडते!

आणि रात्र? वॉर्डातल्या नर्सला रात्रपाळीचा पगार असतो, पाळी बदलते. मामीची बदलत नाही. ज्याला मी मामाचं स्वातंत्र्य म्हणत होतो, त्यात तिची झोप तिला न विचारता धरलेली होती. म्हणून भरतीच बरी, असं मी म्हणणार नाही. त्या दाराचं काय? त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये हाफवे होम आणि कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवाही लिहिल्या आहेत. मी १९ तोंडपाठ केलं होतं, १८ वाचलंच नव्हतं.

सध्या मामा आठवड्यातून दोन दिवस केंद्रात जातो. शनिवारी रात्री मी गावी झोपतो, म्हणजे मामीला माहेरी जाता यावं. पहिल्या शनिवारी ती गेलीच नाही. मधल्या खोलीत, दिवा घालवून, जागी होती.