मराठी मजकुराचा फॉन्ट

मराठी पुस्तक असो, निमंत्रणपत्रिका असो की संकेतस्थळ, मांडणी करताना पुष्कळदा आधी रोमन फॉन्ट ठरतो. त्याचा बाज पसंत पडला की मग त्याच्या शेजारी शोभेल असा देवनागरी फॉन्ट शोधायचा. मजकूर जवळजवळ सगळा मराठी असला तरी हाच क्रम. तो उलटा आहे आणि त्याचा भुर्दंड वाचकाला पडतो. मजकूर मराठी असेल तर निवडीची सुरुवात मराठीतल्या अडचणीच्या अक्षरांपासून व्हायला हवी.

ल आणि श ही दोन अक्षरे घ्या. मराठी मूल पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवते. हिंदी छपाईत दंडाचा ल आणि शेंडीचा श रुळला आहे. दोन्ही रूपे देवनागरीचीच, त्यांत शुद्ध-अशुद्ध काही नाही. पण युनिकोडमध्ये या दोन रूपांना वेगवेगळे संकेतांक नाहीत. लेखकाने कळफलकावर ल दाबला की त्याचे काम संपले. कागदावर कोणता ल उमटणार हे फॉन्ट ठरवतो. मुद्रितशोधकालाही तिथे काही करता येत नाही, कारण टंकलेखनाची चूक झालेलीच नसते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. ही नोंद मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा वेबपानाच्या संहितेत करावी लागते. ती राहून गेली तर फॉन्टात असलेला पाकळीचा ल तसाच पडून राहतो. म्हणजे जो निर्णय खरे तर संपादकाने घ्यायचा, तो मांडणी करणारा नकळत घेऊन टाकतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर, कारण तिथे अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरांमधल्या. आचार्यांना वंदन करतात, आचाऱ्यांना पंगतीचा आकडा सांगतात. हा आडवा अर्धा र मराठीच्या रोजच्या लिहिण्यात पावलोपावली लागतो: वाऱ्यावर, तऱ्हा, सुऱ्या, पायऱ्या. ज्या फॉन्टात त्याची सोय नाही तिथे पाय मोडलेला र आणि पुढे सुटा य असे काहीतरी दिसते. ते टाळायला मग कुणी रफार टाकून मोकळे होतात. ‘संदर्भाने कळते की’ असे यावर सांगितले जाते. सराईत वाचकाला कळतेही. पण नुकते वाचायला शिकलेले मूल आणि परदेशात वाढलेला, मराठी शिकू पाहणारा मराठी घरातला मुलगा हा संदर्भ आणणार कुठून? त्यांच्यासाठी अक्षर हाच आधार असतो.

खिळ्यांच्या काळात अशा उणिवांना सबळ कारण होते. देवनागरीच्या जुळणीला शेकडो खिळे लागत आणि जुळाऱ्याचा हात एवढ्या घरांमधून फिरे. तरीही जावजी दादाजींच्या निर्णयसागरने राणूजी रावजी आरू यांच्याकडून देखणे खिळे घडवून घेतले आणि संस्कृतची अवघड जोडाक्षरेही नेटकी छापली. पुढे खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी तर लिपीच सुधारायला घेतली. यंत्राला लिपी झेपत नव्हती, म्हणून लिपीने अंग चोरावे असा तो आग्रह होता. आज ती अडचण उरलेली नाही. ओपनटाइप फॉन्टात हवी तेवढी जोडाक्षरे मावतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’सारखे फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात. त्यामुळे आता जे राहून जाते ते आपल्या हयगयीने.

निवड करताना ‘नमस्कार’ एवढाच शब्द मोठ्या आकारात पाहून भुलू नये. त्या शब्दात कुठलाही फॉन्ट साजरा दिसतो. ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर, ज्या आकारात छापायचे त्याच आकारात उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, शत्रूंच्या, कर्त्यांना, तऱ्हा, ॲप हे शब्द छापून पाहावेत. उद्ध्वस्तमधला ध कुठे जातो, शत्रूंच्यामधला रकार आणि ऊकार एकमेकांत गुंततात का, कर्त्यांनामधले रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटतात का, ॲच्या जागी चौकोन येतो का, ते डोळ्यांजवळ धरून पाहावे. वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने आपल्या ओळींना रोमनपेक्षा जास्त मोकळीक लागते, हेही तेव्हाच कळते.

रोमनच्या सवयी देवनागरीवर लादल्या की काय होते ते दुकानांच्या पाट्यांवर दिसते. रोमन मोठ्या लिपीतली अक्षरे थोडी सुटी केली की भारदस्त वाटतात. तोच प्रयोग देवनागरीवर केला की शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि शब्द शब्द राहत नाही. ठसठशीतपणासाठी अक्षरे कृत्रिमरीत्या तिरकी करण्याचेही तसेच. आपल्याकडे तिरप्या छपाईची स्वतंत्र परंपरा नाही, त्यामुळे अक्षर फक्त कललेले दिसते. बोरूचा कापही रोमन टाकाच्या उलट्या दिशेचा असतो. म्हणून आपल्या अक्षरातली जाडी आणि बारकाई वेगळ्या ठिकाणी पडते. रोमनच्या जाडीवरून बेतलेली देवनागरी डोळ्याला खुपते ती बहुधा यामुळे.

हेतूही पाहावा लागतो. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल संगणकाच्या पडद्यासाठी घडवला होता. तो कादंबरीच्या पानांवर रुक्ष वाटला तर दोष मंगलचा नाही. उलट लहान मुलांच्या पुस्तकात एकावर एक रचलेली जोडाक्षरे सुंदर असली तरी नडतात. तिथे पाय मोडून, अक्षरे ओळीने मांडलेली बरी.

मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचे नाव असते, अक्षरजुळणी करणाऱ्याचे असते, मुद्रकाचे असते. फॉन्टचे नाव मात्र क्वचितच आढळते. प्रकाशकांनी तो फॉन्ट आणि त्याचा कर्ता यांची नावे त्याच पानावर छापावीत. म्हणजे ‘हाच का निवडला?’ असे विचारायला वाचकाला जागा राहील आणि प्रकाशकालाही उत्तर तयार ठेवावे लागेल.