स्वस्तात पडलेलं कपाट

आमच्या घरात एक सागवानी कपाट आहे. २०१३ सालच्या उन्हाळ्यात ते मी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात अकराशे रुपयांना घेतलं. "लई स्वस्तात पडलं," असं तेव्हा मी पन्नास जणांना तरी सांगितलं असेल. पण स्वस्तात पडलं म्हणजे नेमकं कुणाला पडलं आणि कुणामुळं पडलं, हे माझ्या डोक्यात शिरायला पुढं बरीच वर्षं गेली. शेतकऱ्याला स्वस्त-महाग एवढंच ठाऊक असतं, की घ्यायला जावं ते महाग आणि विकायला न्यावं ते स्वस्त.

छावणी म्हणजे शहराच्या पश्चिमेला, खाम नदीच्या अलीकडची लष्कराची वस्ती. अलीकडची म्हणजे आमच्या बाजूची, कारण आम्ही दौलताबादकडचे. निजामाच्या काळात तिथं कंटिन्जंटच्या पलटणी असायच्या. आज कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, पण आम्हा खेड्यातल्या माणसांना छावणी म्हणजे गुरुवार. जनावरांचा बाजार, आणि त्याच्या आजूबाजूला भाजीपाल्यापासून जुन्या खाटांपर्यंत सगळं. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं ते बैलाचे दात कसे बघायचे हे शिकवायला.

त्या साली दुष्काळ होता. आमच्या भागात जनावरांसाठी सरकारी चारा छावण्या उघडल्या होत्या. लोक एकमेकांना विचारायचे, "छावणीत ठेवायचा, का छावणीला न्यायचा?" पहिली छावणी चाऱ्याची आणि दुसरी बाजाराची. हसू यायचं आणि यायचंही नाही. आमच्या जोडीतला पवळ्या आदल्या वर्षीच गेला होता. एकट्या ढवळ्याला किती दिवस पोसणार? त्यातच थोरल्याचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. मुलगी बघून झाली होती, पसंत होती, आणि आता तिच्याकडची माणसं आठ-दहा दिवसांनी घरदार बघायला येणार होती.

घरदार म्हणजे काय, तर मातीच्या तीन खोल्या आणि वर पत्रे. ओसरीच्या भिंतीचे पोपडे निघालेले. कपडे दांडीवर, उरलेले ट्रंकेत, आणि कागदपत्रं देवळीत देवाच्या मागं. बायको म्हणाली, "ढवळ्याला विकून येताना चुना आणा, नीळ आणा, डिंक आणा. आन् एखादं कपाट मिळालं तर बघा. कपडे असे लोंबते बघून पाहुणे काय म्हनतील?"

टेम्पोचं भाडं वाचावं म्हणून मध्यरात्रीनंतर बैल घेऊन पायी निघालो. मिटमिटा, पडेगाव करत दिवस उगवायला छावणीत. बाजार जनावरांनी फुललेला आणि घेणारे चार. दुष्काळात बाजाराचं हे असंच असतं, सगळ्यांना एकाच दिवशी विकायचं असतं. दलालानं रुमालाखाली माझा हात धरला, बोटं दाबली, सोडली, निघून गेला. तासाभरानं परत आला आणि आधीपेक्षा एक बोट कमी दाबलं. त्याला माझ्या तोंडावरून कळलं होतं की हा माणूस बैल परत नेणार नाही. चांगल्या सालात पंचवीस हजारांच्या खाली दिला नसता तो बैल मी चौदा हजारांना दिला. दावं सोडून घेतलं आणि मनात त्या दलालाला लुटारू म्हणालो.

मग जुन्या सामानाकडं वळलो. कडेला एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तो ओरडत नव्हता, म्हणजे धंद्यातला नव्हता. त्याच्यापुढं हे कपाट, एक शिलाई मशीन आणि दोन खुर्च्या. कपाटाचे अठराशे म्हणाला. मी नऊशे म्हणालो. तो नाही म्हणाला. मी निघून गेलो, चहा प्यायलो, चुना घेतला आणि तासाभरानं परत आलो. ऊन चढलं होतं. त्याची मशीन गेली होती, पण कपाट तिथंच. हे परत नेण्याचं भाडं याला परवडणार नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. अकराशेत दिलं.

सकाळी माझ्यावर झालं तेच दुपारी मी त्याच्यावर केलं. सकाळच्याला लूट म्हणालो होतो आणि दुपारच्याला हुशारी.

कपाट घरी आलं. बायको ओल्या फडक्यानं आतून पुसत होती. "अहो, हे बघा काय लिवलंय," म्हणाली. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं दुधाचा हिशोब होता. मी स्वतः डेअरीला दूध घालणारा, मला असा हिशोब लगेच कळतो. जानेवारीत रोज एक लिटर. मार्चात अर्धा. एप्रिलच्या मध्यापासून पाव. त्यानंतर रेघा नाहीत.

मी म्हणालो, पूस. ती म्हणाली, "न्हाई पुसत. कुणाच्या घरचं हाय, ऱ्हाऊ द्या." आणि आत कपडे लावायला लागली.

आता बाजारात घासाघीस करणं पाप आहे का? मी पाप केलं असं मला आजही वाटत नाही. त्यानं विकलं, मी घेतलं, कुणी कुणाच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मी अठराशे दिले असते तर माझ्या घरात चुना आला नसता. पण दुसरी बाजूही आहेच. वस्तू स्वस्त होते तेव्हा तिच्या किमतीतला राहिलेला भाग कुठं जात नाही. तो कुणीतरी भरतो. कपाटाचा राहिलेला भाग त्या इस्त्रीच्या शर्टवाल्यानं भरला, ढवळ्याचा मी भरला. एवढं मला तेव्हाही अंधुक कळलं होतं. खरी गोष्ट पुढची आहे, ती मात्र अजिबात कळली नव्हती.

पुढच्या आठ दिवसांत बायकोनं घराचा कायापालट केला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, घराला दोन टिपं पाणी. त्यात माणसांनी प्यायचं, गाईनं प्यायचं आणि ह्या बाईनं तीन खोल्या सारवायच्या. तिनं भांडी धुतलेलं पाणी साठवलं, त्यात शेण कालवलं. रात्री कळीचा चुना टिपात भिजवला. तो रात्रभर खदखदत होता. सकाळी त्यात डिंकाचं पाणी घातलं, कारण त्याशिवाय पाठ टेकली की चुना कपड्याला लागतो. चिमूटभर नीळ घातली, त्यानं पांढरा उठून दिसतो. ब्रश नव्हता, तर केकताडाचा वाखा ठेचून कुंचला केला. खालून दोन फूट गेरूचा पट्टा ओढला. जुन्या लुगड्यांची वाकळ होती ती उसवून पडदा केला. फुटक्या माठाचे बूड तुळशीला. हे सगळं शेतातली खुरपणी न चुकवता, म्हणजे पहाटे आणि रात्री.

आणि मी काय करत होतो? मी हिशोब लिहीत होतो. कपाट अकराशे, टेम्पोत त्याचं भाडं तीनशे, चुना-नीळ-डिंक-गेरू मिळून चारशे दहा, खिळे आणि पडद्याची तार नव्वद. एकूण एकोणीसशे रुपये. वहीत खाली दोन रेघा मारल्या.

पाहुणे आले. घर बघायला बायका सहसा येत नाहीत, पण ह्या वेळी मुलीची आई आली होती. पुरुषांना मी ओसरीत बसवलं आणि फुशारकी मारली, "हे सगळं दोन हजारांच्या आत केलं बघा." मंडळी माना डोलावून म्हणाली, वा, संसार असाच पाहिजे. तेवढ्यात आतून मुलीची आई बाहेर आली. तिनं माझ्या बायकोचा हात धरलेला होता. चुन्यानं बोटांची सालटं निघाली होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. चहाचे कप फळीवरून काढताना तिनं ते पाहिलं असावं.

ती म्हणाली, "घर लई चांगलंय, दादा. पण माझी लेक आल्यावर तिनं बी हे एकटीनंच करायचं का?"

कुणी बोललं नाही. माझी बायको घाईनं म्हणाली, "मला काही झालं न्हाई, सवय हाय." त्यानं आणखीच वाईट दिसलं. सोयरीक मोडते की काय असं मला वाटलं. शेवटी थोरला म्हणाला, "मी करीन." त्याच्याकडं बघून ती बाई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बघू." त्या बघूवर दीड महिना काढला आम्ही.

त्या दीड महिन्यात मला मकबरा आठवत होता. शाळेत असताना मास्तरांनी नेलं होतं, पुढंही कितीदा गेलो. औरंगजेबाच्या बायकोची, दिलरास बानूची कबर. लोक त्याला गरिबांचा ताज म्हणून हसतात, कारण संगमरवर फक्त खालच्या भागात कमरेएवढा आणि वर घुमटाला. मधल्या भिंतींना चुन्याचा गिलावा. मला त्यात हसण्यासारखं कधी वाटलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरले, आणि गिलाव्याचं नक्षीकाम असं केलं की बघत राहावं. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त त्याचा खर्च दिलाय, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आणेसुद्धा टिपून ठेवलेत. दारावर शिल्पकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत. पण तो चुना कुणी मळला, कुणाची बोटं सोलली, ते कुठं नाही. माझी वहीही तशीच होती. एकोणीसशे रुपये, खाली दोन रेघा.

आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. माझ्या लहानपणी शिंदीच्या पानांच्या केरसुण्या मातंग समाजातली एक म्हातारी करून आणायची. तिनं केलेल्या केरसुणीला आई लक्ष्मी म्हणून हात जोडायची, आणि म्हातारी मात्र अंगणाच्या कडेला उभी. सुपातलं धान्य तिच्या पदरात वरून टाकायचं. तिच्या हातची लक्ष्मी घरात आणि ती बाहेर. आम्हा पोरांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे आज सांगताना लाज वाटते.

हे एकदा बायकोजवळ बोललो. गाडगेबाबांचंही काढलं, की बाबा दिवसा स्वतः गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाप्यानं खराटा धरला तर बाबा होतो. आम्ही रोज धरतो, आम्हाला कोन काय म्हनतं?" गाडगेबाबांविषयी तिला फार आदर आहे, घरात त्यांचा फोटो तिनंच लावलाय. तरी हे बोलली.

लग्न पुढच्या साली झालं. सून बारावी शिकलेली. पहिल्याच वर्षी नवरात्राच्या तोंडावर दसरा काढायची वेळ आली. दसरा काढणं म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी, वाकळा, गोधड्या धुणं, उतरंड उतरवणं, भिंती झाडणं. पाऊस झाला होता, विहिरीला पाणी होतं. सून म्हणाली, "मामा, वाकळा भिजल्या की उचलत नाहीत. तुम्ही आणि हे चला." गेलो. ओली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात आणि तरी कंबर धरते, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी समजलं. विहिरीवरून जाणारा एक जण म्हणाला, "काय तात्या, बायकोनं लावलं का कामाला?" मी हसलो, पण वाकळ पाण्यात लपवावी असं वाटलंच. अजूनही वाटतं कधीकधी. सवय दोन-चार दसऱ्यांत जात नाही.

त्या वर्षीपासून मी वहीत घरकामाची हजेरीही लिहायला लागलो. पहिल्या साली लिहिलं, चुना-गेरू अमुक रुपये, आणि खाली, माणसं चार, दिवस तीन. मग रोज मांडायला बसलो. आमच्या गावात तेव्हा बाईची हजेरी दीडशे होती आणि बाप्याची अडीचशे. मी सरळ त्याप्रमाणं लिहून टाकलं. सून मागून बघत होती.

"मामा, आत्याबाईंचे दीडशे?"

"गावात भावच तो आहे."

"ओसरीची भिंत कुणी सारवली?"

"तिनं."

"तुम्ही काय केलं?"

"वाकळा पिळल्या. शिडी धरली."

ती पुढं काही बोलली नाही, कपाट पुसायला गेली. दाराची आतली बाजू सोडून बाकीचं तिनं पुसलं, सासूनं तसं सांगून ठेवलं होतं. मी दीडशेवर काट मारली. अडीचशे लिहावं तर शेतात खुरपायला येणाऱ्या बायांना मी दीडशेच देत होतो, त्यांना काय सांगू? घरात एक भाव आणि बांधावर दुसरा? तो रकाना मी तसाच कोरा ठेवला. पुढच्या वर्षी बांधावरची हजेरी तीस रुपयांनी वाढवली, तेव्हा शेजारच्या शेतवाल्यांनी माझ्याशी भांडण केलं, की तू भाव बिघडवतोस. वहीतला तो रकाना अजून कोराच आहे.