चांगलं लोखंड लागेपर्यंत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी नेणारा एक तरुण होता. ट्रक स्वतःचा, पण जुना घेतलेला. आंबा घाट चढेपर्यंत क्रेटमधला बर्फ वितळत राही आणि ते खारं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली चासीवर ठिबकत राही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून गाडी घरीच उभी होती. एक दिवस तो गाडीखाली शिरला, तर मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चासीचा काळा रंग फुगून आलेला.

गॅरेजात वेल्डिंग करण्यात उभी हयात घालवलेले त्याचे काका शेजारीच राहत. तो त्यांच्याकडे गेला. "काका, वरून एक पट्टी मारून द्या. दोन तासांचं काम आहे. काळा रंग फासला की पासिंगला कुणाच्या लक्षातही येणार नाही."

काकांनी विचारलं, "तुला पासिंग करायचंय की घाट चढायचाय?"

ते चिपिंगची हातोडी घेऊन गाडीखाली गेले आणि चासीच्या चॅनलवर पुढून मागे ठोकत निघाले. आधी खणखणीत आवाज येत होता. हँगर जवळ आला तसा तो बसका होत गेला, आणि फुगलेल्या रंगावर घाव पडताच नुसतंच ठप्प झालं. रंगाचा पोपडा निघाला. आत आधीच कुणीतरी मारलेली एक पट्टी होती. वेल्ड चारही बाजूंनी सुबक, एकसारखा. पण पट्टी मधोमध फुगली होती.

काकांनी ग्राइंडरने वेल्ड कापून पट्टी उचकटली. मागे चॅनल असा उरलाच नव्हता. पापुद्र्यावर पापुद्रे चढले होते आणि बोट लावताच ते गळून पडत होते. "हे बघ," काका म्हणाले, "पट्टीच्या मागे खारं पाणी शिरलं आणि तिथंच राहिलं. सुकायला वाव नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून त्यानं आतून पट्टीलाच ढकललं. वेल्ड सुटला नाही रे. ज्याला तो धरून होता तेच संपलं."

पुतण्या काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग किती कापायचं?"

"चांगलं लोखंड लागेपर्यंत."

काम पडवीत सुरू झालं. बॅटरी काढली, डिझेलची टाकी उतरवून लांब नेली, ब्रेकच्या नळ्या सोडवल्या. चासी जॅकवर उचलून खाली भक्कम ओंडके दिले. कापण्याआधी हँगरच्या भोकांमधली अंतरं तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून भिंतीवर खडूने लिहिली. मग ग्राइंडर फिरला. वीतभर कापलं तरी कडेला काळे ठिपके होतेच. काकांनी खूण पुढे सरकवली. पुतण्याचा जीव खालीवर होत होता, कारण प्रत्येक खुणेबरोबर खर्च वाढत होता. शेवटी हातभर चॅनल निघाला, तेव्हा कापाची कड सगळीकडे सारखी चकाकली.

तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा आला. त्याची टोकं काकांनी तिरकी कापली. उभा जोड सगळा ताण एकाच रेषेवर घेतो, तिरका तो वाटून घेतो. पावसाळी हवेत वेल्डिंगचे रॉड ओल धरतात आणि ओल्या रॉडने जोडात बारीक छिद्रं पडतात, म्हणून रॉड आधी नीट तापवून सुकवले. टॅक मारून अंतरं पुन्हा मोजली. मग थोडा वेल्ड इथे, थोडा समोरच्या बाजूला, असं थांबत थांबत काम केलं. सलग मारला तर उष्णतेने चासीच ओढली जाते. प्रत्येक थरानंतर स्लॅग ठोकून, वायर ब्रश मारूनच पुढचा थर. शेवटी प्रायमर, वर रंग, आणि चॅनलमधली चिखलाने बुजलेली पाण्याची भोकं मोकळी केली.

१ ऑगस्ट आला तेव्हा बंदरातल्या बाकीच्या गाड्या भरून निघाल्या. याची अजून ओंडक्यांवरच होती. हंगामाच्या पहिल्या मासळीचं भाडं हातचं गेलं. काकांना वाटलं, आता पोरगा कुरकुरेल. पण तो हातोडी घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडच्या चॅनलवर रंग शाबूत होता, कुणी शंकाही घेतली नव्हती. त्याने पुढून मागे ठोकायला सुरुवात केली. हँगरपाशी आवाज किंचित बसका झाला. त्याने तिथे खडूने खूण केली आणि हाक मारली, "काका, इथंही उघडूया."

तात्पर्य हे की, वेल्ड गंजाला धरत नाही, लोखंडाला धरतो. बिघाड गाडीत असो, घरात असो की एखाद्या संस्थेत, तो किती खोल गेलाय हे बघायची तयारी नसेल, तर आपण फक्त झाकतो, आणि झाकलेलं उघड्यापेक्षा लवकर कुजतं. खरी दुरुस्ती सुरुवातीला नुकसान वाढवल्यासारखी दिसते. नुकसान वाढण्याची ती भीती ज्याने पचवली, त्याच्याच हातून जोड टिकतो.