अक्षता आणि काडतूस

कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. त्यामुळं इथल्या बंदुकीच्या परवानाधारकाला घर ते पोलीस ठाणं हा रस्ता पाठ असतो. आचारसंहिता लागली आणि नोटीस आली की बंदूक जमा करायची, पावती घ्यायची, निकालाचा गुलाल धुतला गेला की सोडवून आणायची.

दूधगंगेकाठच्या मळ्यातले एक आबा हे सगळं न कुरकुरता करायचे. बारा बोरची बंदूक, परवाना शेतीसंरक्षणाचा. उसात डुकरं शिरली की आबा बांधावर उभे राहून एक बार काढायचे, कळप पांगायचा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. बार काढला की सकाळी वहीत तारीख, कारण आणि काडतुसांचा आकडा. धाकटा नातू त्या वहीला हसायचा. "आबा, किराणा दुकान हाय व्हय?"

थोरल्या नातवाचं लग्न ठरलं. धाकटा म्हणाला, "वरातीत दोन बार झालंच पायजेत. पावण्यांस्नी कळू दे कुणाची वरात हाय ती."

जिल्हाधिकाऱ्यांनी सही केलेला कागद डुकरांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, असं आबा म्हणू शकले असते. ते म्हणाले, "बगू. आदी अक्षता पडूंदेत. तू एक मूठ घे आन् निस्ती नवऱ्याच्या फेट्यावर टाक. एकबी दाणा दुसरीकडं जाता कामा न्हाई."

"एवढंच?"

मंगलाष्टकं सुरू झाली. पोरगं चार हातांवर जागा धरून उभं. 'सावधान' झालं, त्यानं नेम धरून हात उचलला आणि मोबाइल उंच धरलेल्या कुणीतरी मागून रेटलं. कोपराला धक्का बसला. मूठ फुटली ती पुढं बसलेल्या आत्याच्या मांडीवर. मांडीवरचं तान्हं पोर किंचाळलं. आत्यानं पदरानं दाणे झाडले. एक पिवळा तांदूळ तेवढा त्याच्या ओल्या पापणीला चिकटून राहिला. आत्यानं तो नखानं अलगद काढला.

पंगतीला नातू आबांशेजारी बसला. "धक्का लागला, आबा. न्हाईतर नेम बराबर हुता."

"व्हय की. वरातीत काय, धक्का लागत न्हाई?"

समोर बसलेले जावई मास्तर. त्यांनी कायदा काढला. बंदूक हा आपल्याकडं हक्क नव्हे, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना आहे. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. हौसेनं बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मास्तर इथंच थांबते तर बरं होतं. पण पुढं म्हणाले, "माझं मत विचाराल तर सगळ्यांच्याच बंदुका सरकारजमा कराव्यात."

"करा की," आबा म्हणाले. "मग जावईबापू, रातच्या दोनला डुकरं आली म्हंजे तुमी या बांधावर. वाढपी, मास्तरांस्नी जिलबी वाढा."

मास्तर हसले, जिलबी घेतली. मला विचाराल तर आबांचं त्यांना लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं. बंदूक वाजवण्याची हौस आणि बंदूक काढून घेण्याची घाई, दोन्ही पोटभर जेवलेल्या माणसाला सोपी जातात. रात्री चिखलात उभं राहावं लागतं त्याचा हिशेब निराळा असतो.

वरात हलगी आणि लेझमीवर गैबी चौकातून गेली. नातू सगळ्यांत पुढं नाचला.

वहीत त्या महिन्याची एकच नोंद आहे. लग्नानंतर चौथ्या रात्रीची: उसात डुकरं, काडतूस एक. बार आबांनीच काढला. परवाना त्यांच्या नावचा. अक्षर मात्र नातवाचं आहे.