काळी खिडकी उघड, पण स्वतःच्या हातानं

परभणी

चि. माईस,


सेलूच्या सेवा केंद्रात तू रुजू झालीस, बरं वाटलं. फोनवर विचारत होतीस की, ती काळी खिडकी उघडली तर कॉम्प्युटर बिघडतो का. तेव्हा मागं गिऱ्हाइकांचा गलका चालू होता, म्हणून सवडीनं लिहितोय.

नुसतं उघडल्यानं काही बिघडत नाही. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि आर दाबायचं. खाली डाव्या कोपऱ्यात ‘रन’ची छोटी चौकट येते. तिच्यात सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून एंटर मारायचं. मग काळी खिडकी येते. तिच्यात सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या खात्याचं नाव आणि पुढं लुकलुकणारी रेघ दिसते. अर्ज भरताना तू कीबोर्ड मराठीवर ठेवतेस. तो तसाच राहिला तर इथं अक्षरांच्या जागी चौकोन उमटू शकतात. आधी विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करून घे. बाहेर पडायला एक्झिट लिहायचं, झालं.

आता उपयोग. जुलैअखेर पीकविम्याची गर्दी होते, तेव्हा दारातल्या शेतकऱ्याला आपण एकच वाक्य ऐकवतो, ‘सर्व्हर डाउन आहे.’ मानवतहून मोटारसायकलवर आलेला माणूस ते ऐकून सातबारा घडी करून खिशात घालतो आणि निघून जातो. पण खरंच सर्व्हर बंद आहे की आपलीच वायर ढिली आहे, हे कुणी बघत नाही. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून बघ. आयपीव्ही४च्या ओळीत १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तुमच्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. सरकारला बोल लावू नकोस, वायर आणि राउटर बघ. पत्ता नीट असेल तर पिंग लिहून जागा सोड आणि ८.८.८.८ टाक. ८.८.८.८ कडून ‘रिप्लाय’च्या चार ओळी आल्या म्हणजे नेट चालू आहे, घोटाळा पुढं कुठं तरी आहे. मात्र पिंगला काही साइट मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्यामुळं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसलं म्हणून ती साइट बंदच आहे, असं छातीठोकपणे कुणाला सांगू नकोस.

दुसरं दुखणं पेनड्राइव्हचं. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, हे तू बघशीलच. फोल्डर बहुतेक वेळा तिथंच असतात, व्हायरसनं लपवलेले. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. आधी अँटिव्हायरस फिरव, मग लपलेले फोल्डर पुन्हा दिसावेत म्हणून ॲट्रिबची ओळ चालव. ती ओळ कशी टाइप करायची ते सोबतच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलंय. त्यातलं ड्राइव्हचं अक्षर पेनड्राइव्हचंच आहे ना, हे एंटर मारण्याआधी बघत जा. सी ड्राइव्हवर ती चालवायची नाही.

हे सगळं साध्या खिडकीत होतं. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर ॲडमिनिस्ट्रेटर असं लिहिलेलं असतं. त्या खिडकीला मशीनमध्ये कुठंही हात घालता येतो. मालकाच्या घराची किल्लीच म्हण. गरज नसताना ती हातात घेऊ नकोस.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. भीती खिडकीची बाळगू नकोस, तिच्यात काय लिहायचं ते सांगणाऱ्या परक्याची बाळग. फोन येतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर शिरलेत, काळी खिडकी उघडा, नेटस्टॅट लिहा.’ खाली ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना येतो आणि समोरचा म्हणतो, ‘बघा, परदेशातले लोक!’ तो रकाना प्रत्येक मशीनवर येतो; फॉरेन म्हणजे तिथं फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता. ट्री लिहायला लावतात, फोल्डरांची नावं सरसर खाली पळतात आणि तेच व्हायरसचं स्कॅनिंग म्हणून सांगतात. शुद्ध थापा.

२०२४ पासून याहून वाईट प्रकार पसरलाय. वेबसाइटचं एखादं पान म्हणतं, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर.’ पानानं आपली ओळ तुझ्या नकळत आधीच कॉपी करून ठेवलेली असते. एंटर मारला की चोरटा प्रोग्राम उतरतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड घेऊन जातो. तुमच्या मशीनवर तर लोकांचे आधार आणि बँक पासबुकं स्कॅन केलेली पडलेली असतात. खरी तपासणी कुणालाही रनची चौकट उघडायला लावत नाही. आपल्याला अर्थ न कळणारी ओळ कितीही घाई असली तरी पेस्ट करायची नाही, मालकानं सांगितलं तरी नाही.

केंद्रात कुणी असं करून बसलंच, तर आधी नेटची वायर काढ, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदल आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लाव. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून आजच भिंतीला चिकटव.

तुझा,
मामा