ऋणकोचे दान

श्रीमंत देश गरीब देशाला मदत पाठवतो तेव्हा तिला आपण सहज दान म्हणून मोकळे होतो. पण आपल्या धर्मशास्त्रात दानाला एक अट आहे आणि ती मालकीची आहे: जे स्वतःचे आहे तेच देता येते. काय देऊ नये याची यादीच नारदस्मृतीने केली आहे. तीत दुसऱ्याची ठेव आहे, मागून आणलेली वस्तूही आहे. ठेव परत करणारा प्रामाणिक ठरतो, दाता नव्हे. एखाद्या देशाच्या व्यापारधोरणाने दुसरीकडच्या माणसांची उपजीविका मोडली असेल, तर त्यांना नंतर पाठवलेली मदत याच सदरात पडते, असे माझे म्हणणे आहे.

हैतीचे उदाहरण घ्या. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा देश आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः, मुख्यतः आर्टिबोनाइटच्या खोऱ्यात, पिकवत असे. १९९५ साली त्याने तांदळावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले आणि अमेरिकेत सरकारी अनुदानावर पिकलेला तांदूळ बाजारात ओतला गेला. शेती परवडेना तेव्हा गावे राजधानीकडे सरकली. जानेवारी २०१० च्या भूकंपाने जे पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केले, त्याच्या दाट वस्त्यांत ही माणसेही होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तिथल्या सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण ती चूक होती. कबुली मोकळी होती. मात्र त्यातून देणे कोणाच्याच खात्यावर चढले नाही. मदत सुरूच होती, तीही दात्याला सोयीची, म्हणजे बाहेरून आलेल्या धान्याची. फुकटच्या धान्यापुढे आमचा शेतकरी टिकणार नाही, असे हैतीचे राष्ट्राध्यक्ष रने प्रेव्हाल यांना त्याच वसंतात वॉशिंग्टनमध्ये जाऊन सांगावे लागले. दान आणि देणे यांतला फरक इथे उघडा पडतो: दानात काय द्यायचे ते देणारा ठरवतो, देणे फेडताना घेणाऱ्याला विचारावे लागते.

शुल्क तर हैतीच्याच सरकारने कमी केले, असे म्हटले जाते. खरे आहे, आणि तिथल्या सत्ताधाऱ्यांना मी दोषमुक्त करत नाही. पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड १९९४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या आधाराने सत्तेवर परतले होते, कर्जाच्या अटी पुढ्यात होत्या. अशा संमतीला किती वजन द्यायचे? स्वस्त तांदळाने शहरी गरिबाचे पोट भरले, हा आक्षेप अधिक भक्कम आहे. मात्र एकाच्या लाभाने दुसऱ्याचे नुकसान फिटत नाही, आणि २००८ साली जागतिक भाव चढताच त्याच शहरी गरिबाला भुकेपोटी रस्त्यावर उतरावे लागले. उरतो तिसरा आक्षेप: व्यापारात चढउतार व्हायचेच, त्याची भरपाई कोण देतो? अमेरिकाच देत असे. आयातीमुळे काम गेलेल्या आपल्या कामगारांसाठी तिने १९६२ च्या कायद्याने भत्ता आणि प्रशिक्षणाची सोय केली, आणि ती भीक म्हणून नव्हे. बदल कायदेशीर असला तरी त्याचा भार ज्याच्यावर पडला त्याला काही देणे लागतो, हे तत्त्व मान्य होते. फक्त ते देशाच्या सीमेवर थांबत होते. नुकसान मोजायचे कसे, असे कोणी विचारील, तर याच हैतीकडून १८२५ नंतर फ्रान्सने मळेमालकांची, म्हणजे गुलामांच्या मालकांची, भरपाई वसूल केली; तेव्हा आकडेमोड कोणाला अडली नव्हती.

अडचण हिशेबाची नाही, वसुलीच्या ताकदीची आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत ब्राझीलने खटला जिंकला आणि प्रतिशुल्काचा धाक घातला. २०१४ मध्ये त्याच्या कापूस उत्पादकांसाठी ३० कोटी डॉलर देण्याचे ठरले. त्याच कापसाबाबत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ मध्ये त्याच संघटनेकडे भरपाई मागितली होती. त्यांच्या हाती असा धाक नव्हता. त्यांना भरपाई मिळाली नाही.